अष्टमीचं पाणी

तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल तो आकडा त्या दिवशीच्या भरतीची वेळ. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणून अष्टमीला पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं असतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला हेच गणित सव्वाअकरा-बारापर्यंत जातं, त्यामुळे त्या दिवशी पहाटे सहाला समुद्र पार आत गेलेला असतो. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हा हिशेब कुणी शिकवत नाही, तो घरातच असतो. मी तो पालघर जिल्ह्यातल्या मुरब्याच्या वाळूत उभा राहून शिकलो, आणि शिकल्यावर माझं प्रशिक्षणाचं सगळं वेळापत्रक नव्याने लिहून काढलं.

त्याचं कारण असं. परदेशी पुस्तकांतलं ट्रायथलॉनचं, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र असलेल्या शर्यतीचं, वेळापत्रक सोमवारी सुरू होतं आणि रविवारी संपतं. लांब पोहणं बुधवारी, लांब सायकल शनिवारी, लांब धावणं रविवारी. तलावात पोहणाऱ्याला ते सोयीचं आहे. पण मुरब्याचा समुद्र बुधवार ओळखत नाही, तो पंधरवडा ओळखतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी कमी चढतं आणि त्याला ओढही कमी असते. पहाटे उजाडता उजाडता ते काठापर्यंत आलेलं असतं. हे पोहण्याचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वर-खाली होते, आणि पहाटेच्या ओहोटीला मागे उरते ती ओली, घट्ट, सपाट वाळू. हे धावण्याचे दिवस. सायकल मधल्या तिथींना. मी ज्यांना शिकवतो त्या गटाच्या व्हॉट्सॲपवर दर महिन्याला मी कालनिर्णयच्या पानाचा फोटो टाकतो. त्याला लागून पुढे प्रत्येकाची शिफ्ट लिहिलेली असते, कारण पोहणारे बहुतेक बोईसरच्या कारखान्यांतले आहेत.

मुरबे बोईसरपासून दूर नाही, पण कारखान्यांच्या धुरातून तिथे गेलं की डोळ्यांना वेगळं गाव दिसतं. खाडीच्या पलीकडे सातपाटी, पापलेटचं बंदर. २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा ठरवलं, तेव्हा सातपाटीचं नाव पुन्हा सगळीकडे आलं. मुरब्याचं नाव त्याच्या दोन वर्षं आधी गाजलं होतं. २०२१ च्या पावसाळी बंदीनंतर पहिल्याच फेरीत इथल्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि लिलावात त्यांचे कोटीच्या वर पैसे झाले. उत्तरेला नांदगाव, आलेवाडी, नवापूर, आणि आणखी वर तारापूरचं अणुविद्युत केंद्र, जे १९६९ पासून वीज देतंय. अशा या पट्ट्यात एखादा माणूस रात्री उशिरा पाळी संपवून, घरी दोन तास झोपून, पहाटे वाळूवर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, सर, मला आयर्नमॅन करायचंय.

त्याला नेमकं काय करायचं असतं ते सांगतो. पूर्ण अंतराच्या स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, हे सगळं एकापाठोपाठ आणि सतरा तासांच्या आत. पहिल्यांदा हे झालं हवाईतल्या ओआहू बेटावर, १८ फेब्रुवारी १९७८ ला. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडल्या. पंधरा जण निघाले, बारा पोचले. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. दुसरा आला जॉन डनबार; त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर दिली. गटात नवीन माणूस आला की मी डनबारची गोष्ट सांगतोच. या खेळात पाय थकायच्या आधी पोट आणि रक्त दगा देतात, हे पहिल्याच शर्यतीत दिसलं होतं.

आपल्याकडे ही हवा जोरात शिरली ती २०१५ नंतर. त्या वर्षी मिलिंद सोमणने वयाच्या ४९ व्या वर्षी झुरिचची पूर्ण स्पर्धा संपवली आणि चाळिशीतल्या पुरुषांनी आरशात स्वतःकडे पाहिलं. पुण्याचे कौस्तुभ राडकर मूळचे जलतरणपटू. त्यांनी स्वतः अनेकदा हे अंतर कापलं आणि नोकरदार, डॉक्टर, व्यावसायिक अशा हौशी लोकांना पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समधली स्पर्धा पूर्ण केली. कोल्हापुरात तर या खेळाचं वेडच लागलं. पुढे २० ऑक्टोबर २०१९ ला पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची स्पर्धा आली, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, आणि विमानाचं तिकीट न काढता जाता येईल असं एक दार आमच्यासारख्यांना उघडलं. माझ्याकडचे बहुतेक जण त्या दारासाठीच येतात. नावं कुणाचीच देत नाही. ही सगळी घरंदारं, नोकऱ्या असलेली माणसं आहेत.

*

मुरब्याचं पाणी गढूळ आहे. खाडीचा गाळ सतत हलता असतो. हात पाण्यात घातला तर कोपराच्या पुढचं दिसत नाही. तलावात तळाशी काळी रेघ असते, पंचवीस मीटरवर भिंत असते, दमलं तर कठडा असतो. इथे चेहरा पाण्यात घातला की डोळ्यांसमोर एकच तपकिरी भिंत. चांगले पोहणारे लोक पहिल्या दिवशी इथे शंभर मीटरही जात नाहीत. छातीत धडधड सुरू होते, श्वास वरच्या वर अडकतो आणि माणूस उभा राहायला बघतो. म्हणून पहिले आठ-दहा दिवस मी कुणालाच पोहायला लावत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, चेहरा बुडवायचा, पाण्यात फुंकर सोडायची. मग पाठीवर तरंगायचं आणि आकाश बघायचं. मग काठाला समांतर वीस हात, पाठीवर तरंगणं, पुन्हा वीस हात. सुरूच्या झाडांतलं एक उंच झाड खूण म्हणून धरायचं आणि दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे वर काढून ते झाड बघायचं.

गावातले लोक सुरुवातीला आमच्याकडे काळजीने बघायचे. एका म्हाताऱ्या तांडेलकाकांनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेतलं आणि खाडीचं तोंड दाखवलं. तिकडे सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, पाण्याबरोबर काय काय वाहून गेलंय ते त्यांनी नावानिशी सांगितलं. तेव्हापासूनचा नियम असा की भरती पूर्ण व्हायच्या पाऊण तास आधी पाण्यात, पाणी परतायच्या आत बाहेर. खाडीच्या तोंडाकडे कधीच नाही. कमरेला नारंगी फुगा बांधल्याशिवाय कुणी नाही. आणि काठावर एक माणूस नुसता मोजायला. पोहणारे किती गेले, किती आले.

या सावधपणाला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा १३५ घटना सापडल्या, त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. बळी पडलेल्यांत पंच्याऐंशी टक्के पुरुष, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. प्रमाण काढलं तर लाखाला दोनहून कमी. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्यांचं वय माझ्या गटासारखंच. त्यामुळे चाळिशीच्या पुढचा माणूस हृदयाची तपासणी करून डॉक्टरांचा कागद आणत नाही तोवर मी त्याचं नाव यादीत घेत नाही. काही जण रागावून गेले. त्यांतला एक तीन महिन्यांनी परत आला तो गोळ्या सुरू करून, आणि आता तो फक्त धावतो. मला तो रोज दिसतो याचा मला आनंद आहे.

पाण्याबद्दल आणखी एक बोलायलाच हवं. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी प्रक्रियेनंतर वाहिनीतून नवापूरजवळ समुद्रात सोडलं जातं. त्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि लवादाने उद्योगांवर भरपाईची मोठी रक्कम बसवली. ज्यांचं पोट या पाण्यावर आहे त्यांनी ही लढाई लढली. आम्ही अष्टमीच्या आसपास हौसेने पाण्यात उतरणारे लोक. आता मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे आणि गाव त्याविरुद्ध उभं आहे. माझ्या गटातल्या कुणाचा पगार एका बाजूला असतो, पहाटेचा समुद्र दुसऱ्या बाजूला. या विषयावर वाळूत बसून आमची खूप वेळ बोलणी होतात, आवाज चढतात. मी स्वतः गावाच्या बाजूचा आहे. ज्यांनी मला समुद्राचं वेळापत्रक दिलं, त्यांचा समुद्र जाऊ नये असं मला वाटतं.

*

सायकलसाठी आम्ही किनारा सोडून डोंगराकडे जातो. पालघरहून मनोरच्या रस्त्याला वाघोबा खिंड लागते. बिबट्यांच्या वाटेवरचं वाघोबाचं देऊळ, वळणं आणि अंगाला बसेल इतका चढ. जमलं की मनोरवरून विक्रमगड आणि पुढे जव्हारचा घाट. पहाटे चारला निघायचं, कारण सातनंतर चिल्हार फाट्याच्या रस्त्यावर टँकर आणि ट्रेलर सुरू होतात आणि मग सायकलस्वाराला जागा उरत नाही.

इथे खरी शिकवणी असते ती खाण्याची. शरीरात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण दोन हजार कॅलरींची. लांबच्या शर्यतीत त्याच्या कितीतरी पट लागतात. चरबी आहे म्हणावं तर ती सावकाश जळते, ओल्या लाकडासारखी. त्यामुळे दर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि तीही भूक लागायच्या आधी. बाजारातली परदेशी जेलची पाकिटं महाग पडतात. आमच्याकडे घोलवडचा चिकू आहे. त्याच्या वाळवलेल्या फोडी सायकलच्या पिशवीत छान बसतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. पाऊण लिटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. कोकमाचं आगळ घालून केलेली बाटली तर सगळे मागून पितात. एक नियम कडक आहे: शर्यतीत जे खायचं ते किमान दहा लांब सायकल-फेऱ्यांत खाऊन पोटाला ओळखीचं करायचं.

पाणी किती प्यायचं हा प्रश्न त्याहून अवघड. कोकणातल्या दमट हवेत घाम अंगावर राहतो, वाळत नाही, म्हणजे शरीर थंड होत नाही आणि घाम आणखी सुटतो. मी प्रत्येकाला तासभर धावायच्या आधी आणि नंतर वजन करायला लावतो. एक किलो कमी झालं तर लिटरभर घाम गेला. कुणाचा पाऊण लिटर जातो, कुणाचा दीड. त्यामुळे दुसऱ्याची बाटली बघून पिणाऱ्याला त्रास होतो. भीतीने नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं जड होतं, उलटी होते, माणूस बरळायला लागतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं त्याला आणखी पाणी द्यावं. हा धोका सावकाश जाणाऱ्यांना जास्त, कारण ते जास्त तास रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलाजवळ थांबतात. माझे जवळजवळ सगळेच सावकाश जाणारे आहेत.

*

एक रसायन कारखान्यातला ऑपरेटर आहे, अडतीस वर्षांचा. पाळ्या दर आठवड्याला बदलतात. वसई-विरारच्या मॅरेथॉनमध्ये चांगला वेळ दिलेला, अंगात रग, आणि माझ्याकडे आला तेव्हा वेळापत्रकातली एकही ओळ चुकवायची नाही असा त्याचा पण. एका शनिवारी तो नाईट करून थेट सायकल घेऊन आला. ठरलेलं अंतर १२० किलोमीटर. मी आदल्या दिवशी उठल्यावरची नाडी विचारली. आमच्याकडे प्रत्येक जण उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजतो. त्याची नेहमीपेक्षा अकरा ठोके वर होती. मी त्याला म्हटलं, आज घरी जाऊन झोप.

तो चिडला. सर, तुम्हीच लिहून दिलंय ना? आणि मी झोपलो तर हे अंतर भरून कधी काढायचं? मी म्हटलं, भरून काढायचं नाही, ते गेलं. यावर तो गप्प झाला आणि मग रडला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी काम करू नको म्हणून सांगितलं होतं. कारखान्यात ओव्हरटाइम, घरी आईचं आजारपण, त्यावर माझं वेळापत्रक. सगळीकडून त्याला आणखी एक फेरी कर, आणखी थोडं कर एवढंच ऐकू येत होतं. त्या दिवशी मला माझ्या कामाचं स्वरूप उमगलं. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला पळायला लावण्याची गरज नसते. पळतो म्हणून तर तो आलेला असतो. त्याला आवरावं लागतं. बोलता येईल इतक्याच वेगात धाव, हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो आणि दहा वेळा त्यांना ते अपमानासारखं वाटतं, कारण मागून कुणीतरी पुढे जात असतं.

आता रात्रपाळीचा आठवडा आला की त्याचं वेळापत्रक निम्मं होतं. त्या निम्म्यातही लांब काही नाही. घरच्या घरी दोरी, पाठ आणि पोट बळकट करायचे व्यायाम, आणि झोप. झोप मी किलोमीटरसारखी लिहून घेतो. गेल्या वर्षी तो पूर्ण अंतर करून आला. सोळा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. सायकलीवरून उतरून धावायला सुरुवात करताना पाय लाकडाचे होतात, त्या वेळी पहिले आठ किलोमीटर त्याने मिनिटभर चाल आणि चार मिनिटं धाव असे काढले, आम्ही ओल्या वाळूत केलं होतं तसेच. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये त्याने किती लोकांना मागे टाकलं ते तो अजून सगळ्यांना सांगतो, आणि मी त्याला सांगू देतो.

*

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका आहेत, बेचाळीस वर्षांच्या. लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या. पोहणं येतं पण डोकं सतत पाण्याच्या वर. पहाटे साडेचारला सगळ्यांचे डबे भरून त्या निघतात. नवरा सायकलच्या मागून स्कूटरवर पाणी घेऊन येतो. पहिल्या दिवशी पोहण्याच्या पोशाखावर ओढणी गुंडाळून पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. त्याच वेळी मासळीच्या टोपल्या घेऊन बाया किनाऱ्याने जात होत्या, मध्यरात्रीपासून जाग्या असलेल्या. त्यांतल्या एकीने थांबून विचारलं, बाय, पोहायला येतं का? त्यांनी मान डोलावली. मग जा ना, म्हणाली ती, आणि पुढे गेली. ओढणी त्या दिवशी सुटली ती सुटली.

चेहरा पाण्यात घालायला त्यांना चार अष्टम्या लागल्या. सव्वा वर्षाने त्या सलग दोन किलोमीटर पोहू लागल्या, पण सावकाश. गोव्याच्या स्पर्धेत पोहायला एक तास दहा मिनिटं असतात, म्हणजे शंभर मीटरला साधारण तीन मिनिटं चाळीस सेकंद. आमच्या मोजणीत त्यांचा वेग त्याच्या अगदी काठावर होता. मी त्यांना खरं सांगितलं: पोचाल किंवा पोचणार नाही, निम्मं निम्मं. त्या म्हणाल्या, मग जाऊ या.

मी मिरामारला वाळूत उभा होतो. पाण्याला त्या दिवशी थोडी उसळ होती. मध्यात त्यांची छाती भरून आली. त्यांनी शिकवलं होतं तेच केलं. हात वर करून कयाकवाल्याला बोलावलं, कयाक धरून पाठीवर तरंगल्या, आकाश बघितलं, श्वास परत आल्यावर सोडलं आणि पुढे निघाल्या. असं दोनदा झालं. नियमाप्रमाणे कयाक धरता येते, तिच्या जोरावर पुढे सरकता येत नाही. बाहेर आल्या तेव्हा घड्याळात एक तास चौदा मिनिटं झाली होती. स्वयंसेवक मुलीने हळूच त्यांच्या घोट्याची चिप काढून घेतली. सायकल तिथेच रांगेत उभी राहिली, हँडलवर चिकूच्या फोडींची पिशवी तशीच.

त्या वाळूत बसल्या, मी शेजारी बसलो. पहिल्यांदा घाबरलात तेव्हाच थोडं दामटून गेला असतात तर वेळेत पोचला असतात का, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो गिळला. मला हातपाय गार पडलेला माणूस बाहेर आलेला बघायचा नव्हता. चार मिनिटं उशिरा आलेली बाई हवी होती. त्यांना ते तसं वाटत नव्हतं आणि वाटायची अपेक्षाही नव्हती. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग नवऱ्याला फोन केला, मुलांशी बोलल्या, शाळेचं काहीतरी विचारलं. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

पुढचा आठवडाभर त्या गटावर काहीच बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. आठव्या दिवशी रात्री साडेनऊला मेसेज आला: सर, उद्या अष्टमी. सहाला पाणी भरेल की सव्वासहाला?